मधली शून्यं

"म्हंजे चूक माझ्या भावाचीच. आसंच म्हनायचंय न्हवं तुमाला?"

शिकलगार सरांनी मान वर केली नाही. उंबऱ्यावर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"चूक आहे," ते म्हणाले.

"कुनाची?"

सरांनी आणखी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

...

जालिंदर खोत उन्हात उभा होता. हळद शिजवायच्या काहिलीवरून तो तसाच उठून आला होता. मनगटापर्यंत पिवळे हात, अंगाला धुराचा वास, आणि डोकं काहिलीपेक्षा तापलेलं.

त्याचा थोरला भाऊ मच्छिंद्र मागच्या महिन्यात तापानं गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला आणि परत आणला तो चादरीत.

जालिंदर रडला नव्हता. आल्यागेल्याला पाणी देणं, लाकडं आणणं, भटजीला गाठणं, सगळं त्यानंच केलं. मग सगळे पाहुणे गेले, आणि घरात भावाची खाट तेवढी उरली. आई तिच्याशेजारी बसून जेवायची. जेवायची कसली, ताट घेऊन बसायची. एके सकाळी जालिंदरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं ती खाट उचलली आणि काहिलीवरच्या गड्याला देऊन टाकली. रिकामी खाट घरात ठेवून कुणाचं भलं झालंय, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलली नव्हती.

आणि आज चहाच्या टपरीवर सुकुमार मगदूम भेटला. सुकुमार हा सरांचा दुसरा शिष्य, मच्छिंद्रच्या बरोबरीचा. तो चहा पिता पिता सहज म्हणाला की मच्छिंद्रनं लिहिलेला भाग चुकीचा निघाला, आता तो काढून टाकावा लागणार.

जालिंदरनं चहा तसाच ठेवला आणि नदीकाठची वाट धरली. सुकुमार मोटारसायकल घेऊन मागोमाग आला. ह्या पोराचा काही भरवसा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

...

सरांबद्दल गावात दोन मतं होती. त्यांचे आजे-पणजे गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. हे मात्र शिकले, शहरात मोठमोठ्या संगणकांवर राबले, आणि म्हातारपणी परत येऊन कृष्णाकाठी बसले. गोठ्यातली जनावरं विकली आणि गोठ्याच्या माळ्यावर शाळा-कॉलेजांनी टाकून दिलेले संगणक ओळीनं मांडले. मास्तरांनी गोठ्यात गाई सोडून डबे बांधले, असं लोक हसायचे.

ते डबे नदी मोजायचे.

घाटात पाऊस किती पडला, धरणातून किती सोडलं, ओढ्यांतून किती आलं, हे त्यांना सांगायचं. मग प्रत्येक डब्यानं आपल्या वाट्याची नदी मोजायची आणि पुढच्याला कळवायचं, की घे, तासाला एवढे लिटर पाणी तुझ्याकडं येतंय. सगळे एकदम राबायचे, म्हणून पाणी पोचायच्या कितीतरी आधी उत्तर पोचायचं. मागच्या महापुरात गावाला उठायलाही वेळ मिळाला नव्हता. तसं पुन्हा होऊ नये, एवढाच ह्या खटाटोपाचा हेतू होता.

ही मोजणी करणाऱ्या प्रोग्राममधला घाटातला पाऊस आणि ओढे हा वरचा भाग मच्छिंद्रनं लिहिला होता. खालची नदी सरांची. सर लिहायचे फोर्ट्रानमध्ये, संगणकाची जुनी भाषा. मच्छिंद्र लिहायचा सी मध्ये. एकाची भाषा दुसऱ्याला बोलता यायची नाही असं नव्हतं, पण ज्याला जी जिभेवर बसली ती बसली.

जालिंदरला ह्यातलं काही कळत नव्हतं. शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, हे घरात कुणी विचारलंही नव्हतं. गाव म्हणायचं, खोताच्या घरात एक आकडा आणि एक शून्य. हे ऐकून मच्छिंद्र भांडायला उठायचा. जालिंदर हसायचा. आता भांडणारा गेला होता, आणि हसूही.

...

"दावा मला," जालिंदर म्हणाला. "कुठं चुकलाय त्यो."

सरांनी मानेनंच माळ्याकडं खूण केली.

शिडी चढून जालिंदर आणि सुकुमार वर गेले. माळ्यावर पत्र्याची धग होती आणि एक पंखा कुरकुरत फिरत होता. सुकुमारनं एका संगणकाचा पडदा उजळला. आकड्यांची रांग उभी राहिली.

जालिंदरला प्रोग्राम वाचता येत नव्हता, पण हे त्यालाही दिसलं. एक भलामोठा आकडा, खाली शून्य. पुन्हा आकडा, पुन्हा शून्य. आकडा, शून्य. आकडा, शून्य. खालपर्यंत तसंच.

 त्यानं नजर काढून घेतली.

सुकुमार तसा वाईट मुलगा नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. वरून निघालेला आकडा आणि खाली पोचलेला आकडा ह्यांचं माप एक असावं लागतं. मच्छिंद्रच्या बाजूनं आकडा मोठ्या मापात भरून निघत होता. सरांच्या बाजूला तो निम्म्या मापानं मोजून घेतला जात होता. म्हणून एकाचे दोन व्हायचे, अर्ध्यात आकडा आणि अर्ध्यात काहीच नाही. बरं, कुणी तक्रारही करायचं नाही. एका डब्याचे आकडे दुसऱ्याला नेणारा मधला निरोप्या म्हणजे एसटीच्या टपावरचा हमाल. पोतं चढवायचं, पोतं उतरवायचं. आत हळद आहे की भुसा, हे तो कशाला बघतो? पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं. घेणाऱ्याला वाटतं मिळालं.

"मग काढून टाका की ती शून्यं," जालिंदर म्हणाला. "आकडं तर ऱ्हात्यात न्हवं?"

सुकुमार हसला.

"तेच केलंय मी. शून्य दिसलं की फेकून द्यायचं, अशी एक ओळ लिहून ठेवलीय. बघ, तुझ्या भावाला जे सुचलं नाही ते तुला सुचलं."

जालिंदरला राग यायला हवा होता. आला नाही. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला कुणीतरी शहाणा म्हटलं होतं. सुकुमारनं ती ओळ घालून डबे चालू केले. शून्यं गेली, आकडे एकाखाली एक बसले. चैत्रातली रोडावलेली नदी जशी बाहेर वाहत होती तशीच पडद्यावर उतरली.

"चालतंय की मग," जालिंदर म्हणाला. "दादाचं काढायचं कशाला?"

शिडी वाजली. सर वर येत होते. एकेका पायरीवर थांबत.

वर आल्यावर त्यांनी पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले,

"महापुराच्या वेळचा पाऊस घाल."

...

सुकुमारनं घातला. डबे घरघरले.

पडद्यावर एका गावाला भर महापुरात तासाला चार लिटर पाणी आलं. त्याच्या खालच्या गावाला उणे आकडा आला, म्हणजे नदी तिथं उलटी घाटाकडं चालली होती. आणि सरांच्या स्वतःच्या गावात नदीकाठची पायरीसुद्धा भिजली नव्हती.

सुकुमारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

सरांनी त्याला ती नवी ओळ काढायला लावली. पुन्हा रांग उभी राहिली. पण ह्या वेळी मधे शून्यं नव्हती. त्यांच्या जागी बारके आकडे उभे होते. कुठं तीन. कुठं चार. पुन्हा चार.

"शून्यं कुटं गेली?" जालिंदरनं विचारलं.

सुकुमार पडद्याजवळ सरकला. 

मग तो म्हणाला की पाणी वाढलं, तसा आकडा अर्ध्यात मावेना, तो दुसऱ्या अर्ध्यात चढला. उन्हाळ्यात ती जागा नुसती रिकामी दिसते. मग त्यानं घसा साफ केला आणि मुद्द्यावर आला. पावसाळा दोन महिन्यांवर आलाय. मच्छिंद्रनं मधेच माप बदललं आणि कुणाला सांगितलं नाही. पूर्वी दोन्हीकडं लहान माप होतं, तेव्हा सुरळीत चाललं होतं. त्याचा भाग काढू, मी लहान मापात नवा लिहितो. त्याला नावं ठेवायची म्हणून नाही, पण गावाचा जीव...

जालिंदरनं शेजारची पाण्याची बाटली उचलली आणि भिंतीवर आपटली.

"काढा," तो म्हणाला. "काढा त्याला हितनं बी. घरातनं मी काढलाच हाय."

त्याचा आवाज फाटला होता. पुढचं तो सरांकडं बघून बोलला, आणि ते महिनाभर त्याच्या छातीत साचलेलं होतं.

"मरताना त्यानं आईचं नाव घेतलं न्हाई. माझं घेतलं न्हाई. मी उशाशी बसलोय, त्याचा हात माझ्या हातात हाय, आन् त्याच्या तोंडात कोन? सर. 'मी माझी बाजू मोठी केली, सरांना म्हनावं त्यांची मोठी करा.' परत परत त्येच. 'सरांना सांग, जालिंदर, सरांना सांग.' तुमी आला बी न्हाई बघायला. आन् आता म्हनताय चूक."

 बाटलीतलं पाणी फळ्यांमधून खाली गोठ्यात गळत होतं.

...

"परत सांग," सर म्हणाले.

"काय?"

"तो काय म्हणाला ते."

जालिंदरनं सांगितलं. आता आवाज खाली आला होता. भाऊ म्हणाला तसंच सांगितलं, शब्दाला शब्द.

सरांनी शिडीच्या खांबाला धरलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तापात बरळतोय म्हनलं. त्याला काय आर्थ आसंल, आसं न्हाई वाटलं." जालिंदर थांबला. "आन् सांगायचं बी न्हवतं मला. त्यातलं एक अक्षर माझ्यासाठी न्हवतं."

 सुकुमार खाली बघत होता.

मग म्हाताऱ्यानं जालिंदरचा पिवळा हात धरला आणि त्याला शिडीवरून खाली नेलं. गोठ्याच्या मागच्या भिंतीशी उभं केलं, पाठ टेकवून, लहान पोराची उंची बघतात तसं.

"वर बघ."

जालिंदरनं मान वर केली. डोक्याच्या वर बऱ्याच उंचीवर, हात ताणला तरी लागणार नाही इतकी, गाळाची एक तपकिरी रेघ भिंतीवर आडवी गेली होती. महापुराची. इतक्या वेळा तो ह्या गोठ्यात आला होता, पण ती त्यानं नीट पाहिली नव्हती.

"तुझ्या डोक्यापासून त्या रेघेपर्यंत आत्ता काय आहे?"

"काय न्हाई. रिकामं हाय."

"महापूर त्या रिकाम्यातच मावतो. मच्छिंद्रनं त्याला माप दिलं," सर म्हणाले, आणि पुन्हा शिडी चढू लागले.

...

दुपारभर सर माळ्यावर बसून होते.

फोर्ट्रानमधला तो भाग त्यांनी तरुणपणी लिहिला होता, आणि त्यांच्या हातून एकदा झालेलं ते सहसा मोडत नसत. सुकुमार दोनदा म्हणाला की सर, मी करतो, तुमच्या डोळ्यांना त्रास होतोय. सरांनी फक्त हात हलवला.

"माझं माप आहे. मलाच बदलू दे."

जिथं जिथं लहान आकडा घेतला होता, तिथं तिथं त्यांनी मोठा घेतला. एक जागा सुटली असती तरी नदी पुन्हा उलटी वाहिली असती. म्हणून ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते, पोथी वाचावी तशी.

जालिंदर खाली उंबऱ्यावर बसला. काहिलीवर गडी वाट बघत असतील, हळद जास्त शिजून फुकट जाईल, हे त्याला कळत होतं. तरी तो उठला नाही. सूप पुढं ओढून तो उरलेल्या शेंगा फोडत राहिला. दाणे सुपात, टरफल बाजूला.

ऊन कलल्यावर सुकुमारनं त्याला वर हाक मारली. सूप हातात घेऊनच तो शिडी चढला.

डबे घरघरून थांबले होते. पडद्यावर महापूर होता. मोठे आकडे एकाखाली एक, गावाखाली गाव, आणि मधे काही नव्हतं. सुकुमारनं सरांच्या गावाचं पाणी काढून गोठ्याच्या भिंतीशी ताडून पाहिलं होतं. भिंतीवरच्या रेघेच्या वीतभर खाली आलं होतं. तो हे सांगताना दोनदा अडखळला, आणि मग एवढंच म्हणाला की मच्छिंद्र असता तर त्यानं तेवढ्या वितीवरूनही डोकं खाल्लं असतं.

जालिंदरला हसू आलं. मधेच कुठंतरी ते अडकलं.

त्यानं रांग वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ती शून्यं?" तो म्हणाला. "तुमी बी काढलीच की."

"नाही."

"मग हायत कुटं?"

"आकड्याच्या आत," सर म्हणाले.

...

"म्हंजे दादा बरोबर होता."

"अर्धा."

"आन् ऱ्हायलेलं अर्धं?"

"ते तू घेऊन आलास. उशिरा आणलंस, पण आणलंस."

जालिंदर शिडीच्या वरच्या पायरीवर बसला. पाय खाली सोडले. पिवळे हात त्यानं गुडघ्यांवर पालथे ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

त्यांच्याकडं बघतच तो बोलला.

"सर, मी त्याची खाट देऊन टाकली."

सर त्याच्याकडं वळले.

"आई माझ्यासंगं बोलंना झालीया. ताट वाढती आन् तोंड फिरवती. मला वाटलं, डोळ्यांपुढनं ती मोकळी जागा गेली म्हंजे घर पयल्यासारखं चालंल. दोन दिस चाललं बी. आता..." त्यानं मान हलवली. "आता खाट न्हाई तरी आई तितंच बसतीया. नुसत्या भुईवर."

सुकुमारनं तोंड दुसरीकडं वळवलं.

"परत आण," सर म्हणाले.

"आनून काय करू? तिच्यावर निजनारं हाय कोन?"

सर त्याच्याजवळ आले. सुपातून मूठभर दाणे उचलून त्याच्या हातात ठेवले. त्यानंच फोडलेले. मग माळ्याच्या झरोक्यातून बाहेर बघत उभे राहिले. खाली चैत्रातली नदी होती, मांडीएवढी, वाळूतून वाट काढणारी. तिच्या दोन्ही काठांना, घरांच्या अलीकडं, कुणी कधीच काही बांधलं नव्हतं अशी पुराच्या गाळाची लांबच लांब मोकळी मळी पसरली होती.

"राहू दे रिकामी," ते म्हणाले. "पाणी यायचंय अजून."